इतिहासाचार्य, प्राध्यापकाच्या मापाने

विश्वनाथ काशीनाथ राजवाडे हे कोणत्याही विद्यापीठात इतिहासाचे प्राध्यापक नव्हते. १८९० साली ते डेक्कन कॉलेजातून बी. ए. झाले, काही वर्षे त्यांनी पुण्यात शाळामास्तरकी केली आणि मग नोकरीला जो रामराम ठोकला तो कायमचा. पत्नी लवकर वारली. पुन्हा संसार मांडला नाही. १९२६ च्या डिसेंबरची ३१ तारीख उजाडली तेव्हा ते धुळ्यात होते, आणि त्याच दिवशी तेथेच त्यांचा अंत झाला. मधल्या काळात त्यांना ना पगार होता, ना वर्ग, ना हजेरीपट. असे असूनही आम्हां खानदेशवासीयांना इतिहासाचा प्राध्यापक म्हटले की पहिले नाव आठवते ते त्यांचेच. म्हणून या लेखात मी त्यांना प्राध्यापकाचेच माप लावून पाहणार आहे.

हे माप लावण्याचे कारण सांगतो. राजवाड्यांवर आजवर पुष्कळ लिहिले गेले. पण त्यातले बरेचसे लिखाण त्यांच्या स्वभावावर आहे. त्यांचा संताप, हाताने रांधून खाणे, दप्तराच्या शोधात गावोगाव पायपीट करणे, इंग्रजीत लिहायचे नाही हा बाणा, भांडून सभेतून उठून जाणे. या गोष्टी खऱ्या आहेत आणि फराळाच्या ताटाबरोबर वाचायला रुचकरही आहेत. परंतु माणसाच्या विक्षिप्तपणाचे कौतुक करणे हा त्याचे काम न वाचण्याचा एक सोयीस्कर मार्ग असतो, असे मला अनेकदा वाटते. दुसरीकडे त्यांच्या नावामागे 'इतिहासाचार्य' ही पदवी लावून त्यांच्या प्रत्येक वाक्यापुढे मान तुकवणारेही आहेत. दोन्ही पक्षांनी २२ खंड मिटलेलेच ठेवले आहेत.

प्राध्यापकाचे ऋण कोणते? मला विचाराल तर एकच. तो जे सांगतो ते कशाच्या आधारावर सांगतो, तो आधार त्याने समोरच्याच्या हाती द्यावा. म्हणजे उद्या विद्यार्थ्याला वाटले तर त्याच आधारावरून त्याला गुरूचे म्हणणे खोडून काढता यावे. या एका कसोटीवर राजवाडे बहुतेक ठिकाणी विलक्षण उतरतात आणि एका ठिकाणी साफ पडतात. ते दोन्ही प्रसंग विस्ताराने पाहण्याजोगे आहेत.

पहिला प्रसंग वाईचा. 'भाषांतर' नावाचे मासिक काढून, प्लेटोपासूनची थोरांची पुस्तके मराठीत आणण्याचा खटाटोप करून राजवाडे हात पोळून बसले होते. त्या सुमारास वाईच्या एरंडे यांच्या घरात जुने कागद असल्याचे त्यांना कळले. ते कागद म्हणजे पेशवाईतल्या पत्रांचे घबाड होते, आणि त्यात पानिपतच्या मोहिमेची खुद्द पत्रे होती. सदाशिवरावभाऊंनी वाटेतून लिहिलेली, कोठे घाईने, कोठे रागाने, कोठे पैशाच्या तंगीने कासावीस होऊन लिहिलेली. १८९८ साली या पत्रांचा 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड म्हणून उदय झाला. त्यानंतरच्या वीसएक वर्षांत एकूण २२ खंड निघाले. काही कोल्हापुरात विजापूरकरांच्या 'ग्रंथमाले'तून, काही आणखी कोठून. छापखाना बदले, गाव बदले, पैसे देणारा बदले, खंड मात्र थांबले नाहीत.

आज आपल्याला यात नवल वाटत नाही. परंतु १८९८ पूर्वी मराठ्यांचा इतिहास शिकायचा म्हणजे १८२६ चा ग्रँट डफ वाचायचा, नाहीतर बखरी वाचायच्या. पुण्याचे पेशवे दप्तर सरकारच्या कुलपात होते. राजवाड्यांसारख्याला तेथे मज्जाव. ते दप्तर उघडून रियासतकार सरदेसायांनी त्यातून ४५ खंड निवडून काढले ते १९३० नंतर, म्हणजे राजवाडे गेल्यावर. सरकारी दार बंद होते म्हणून हा माणूस घरांच्या दारांशी गेला. देशमुख, देशपांडे, कुळकर्णी, मठपती, उपाध्ये, सावकार, जेथे माळा आहे आणि माळ्यावर रुमालात बांधलेले गाठोडे आहे ते प्रत्येक घर त्याला दप्तरखाना वाटू लागले. मालक कागद दाखवायला भीत, कारण त्यात वतनाचे तंटे असत. काही कागद वाळवी खाई, काही पुड्या बांधायला वाण्याकडे जात. दिवाळीपूर्वीच्या साफसफाईने मराठ्यांच्या इतिहासाचे जेवढे नुकसान केले तेवढे कोणत्या लढाईने केले असेल की नाही याची मला शंका आहे.

पण कागद मिळवणे हे अर्धे काम. त्या पत्रांवर साल नसते, ही गोष्ट सर्वसाधारण वाचकाला ठाऊक नसते. पत्राच्या शेवटी 'छ' असे अक्षर आणि एक आकडा, त्यापुढे मुसलमानी महिना, रमजान, सवाल, जमादिलाखर. 'छ' म्हणजे चंद्र. अमुक महिन्याचा अमुक चंद्र. कोणत्या वर्षाचा? लिहिणाऱ्याला आणि ज्याला लिहिले त्याला ते ठाऊक होते, त्यामुळे लिहायची गरज नव्हती. क्वचित साल असते तेही अरबी शब्दांत: 'इहिदे सितैन मया व अलफ'. एक, साठ, शंभर आणि हजार; म्हणजे ११६१. हे शुहूर सन. याचे वर्ष मृग नक्षत्रापासून सुरू होते, म्हणून त्याला मृगसालही म्हणत. आमच्या कापसाच्या शेतकऱ्याचे वर्ष आणि पेशव्यांच्या दप्तराचे वर्ष एकाच पावसाने उजाडत होते. ११६१ मध्ये ५९९ मिळवले की मृगापासून डिसेंबरअखेरचे इसवी साल येते, म्हणजे १७६०. जानेवारीपासून पुढे ६०० मिळवायचे. पानिपतची लढाई या सालात बसते: शके १६८२ ची पौष शुद्ध अष्टमी, बुधवार, १४ जानेवारी १७६१.

जेथे साल दिलेलेच नाही तेथे राजवाडे काय करीत? चांद्र महिने दर वर्षी सुमारे अकरा दिवस मागे सरकतात. पत्रात थंडीचा उल्लेख आहे, की नदीला पूर असल्याचा? कोणाच्या मृत्यूचा दुखवटा आहे? फौज कोणत्या गावी उतरली आहे? वार दिला आहे का, आणि तो पंचांगाशी जुळतो का? असे पाच-सहा धागे ओढून एका चिटोऱ्याला त्याचे साल द्यायचे, आणि मग ते चिटोरे हाती घेऊन सबंध बखरीला जाब विचारायचा. भाऊसाहेबांची बखर वाचताना आजही आपले डोळे भरून येतात. पण ती लढाईनंतर लिहिलेली, ऐकीव गोष्टींत रंग भरलेली. लढाईपूर्वी स्वतः भाऊने लिहिलेले पत्र तिच्यापेक्षा वरचे, भाषा कितीही रुक्ष असली तरी. ही उतरंड राजवाड्यांनी मराठी वाचकाला शिकवली. माझ्या मते त्यांच्या साऱ्या सिद्धांतांपेक्षा ही शिकवण मोठी आहे.

आता कसोटीचा मुद्दा येतो. पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेत राजवाड्यांनी पानिपतच्या पराभवाची कारणे मांडली आहेत. ती प्रस्तावना झपाटून टाकणारी आहे. तीत त्यांनी एक मोठा अपराधी ठरवला तो गोविंदपंत बुंदेले. भाऊ उत्तरेतून त्याला पत्रामागून पत्र लिहितो आहे: नावा जमवा, पैसा पाठवा, शुजाला अडवा, अब्दालीच्या मागे धामधूम करा. पैसा येत नाही, नावा येत नाहीत. राजवाड्यांनी निकाल दिला आणि तो कडक दिला. कितीतरी वर्षे महाराष्ट्रातल्या घरांघरांतून गोविंदपंत हा कामचुकार आणि अप्पलपोटा म्हणून ओळखला गेला त्याचे मूळ येथे आहे.

परंतु ज्या पत्रांवरून हा निकाल दिला ती सारी पत्रे निकालपत्राच्या पाठीलाच छापली होती. वाचक पान उलटतो आणि पाहतो तो काय? भाऊ जे मागतो आहे ते पावसाळ्याच्या तोंडाशी, शत्रूच्या दाढेत असलेल्या मुलखातून उभे करायचे आहे. गोविंदपंत हा मुळात मामलतीच्या हिशेबात मुरलेला माणूस. आणि शेवट? १७६० च्या डिसेंबरात अब्दालीची रसद मारता मारता त्याच्यावर अचानक छापा पडला आणि तो ठार झाला. पानिपतच्या महिनाभर आधी. कामचुकार मनुष्य म्हातारपणी अशा रीतीने मरत नाही. पुढच्या संशोधकांनी हा ठपका जसाच्या तसा मान्य केला नाही याचे कारण त्यांना नवी दिव्यदृष्टी लाभली होती असे नव्हे. पुराव्याचे गाठोडे स्वतः राजवाड्यांनीच त्यांच्या पुढ्यात सोडून ठेवले होते.

त्र्यंबक शंकर शेजवलकर हे या बाबतीतले मोठे नाव. १९३९ साली डेक्कन कॉलेज संशोधन-संस्था म्हणून पुन्हा उघडले तेव्हा मराठ्यांच्या इतिहासाचे अध्यापन त्यांच्याकडे आले. म्हणजे ज्या कॉलेजातून राजवाडे पदवी घेऊन बाहेर पडले त्याच कॉलेजात. शेजवलकरांचा पानिपतवरचा ग्रंथ १९४६ साली इंग्रजीत आणि १९६१ साली मराठीत आला. राजवाड्यांच्या कितीतरी मतांशी त्यांचे पटले नाही, आणि न पटणे लपवून ठेवण्याचा शेजवलकरांचा स्वभाव नव्हता. पण भांडण झाले ते राजवाड्यांच्याच अंगणात. ज्याने वर्ग घेतला नाही त्याला असा विद्यार्थी मिळावा, ही प्राध्यापकाची खरी कमाई नव्हे काय?

दुसरा प्रसंग ज्ञानेश्वरीचा, आणि तो लिहिताना मला जड जाते. राजवाड्यांना बीडजवळ पाटांगणच्या मठाच्या परिसरात ज्ञानेश्वरीची एक जुनी पोथी मिळाली. एकनाथांनी शके १५०६ मध्ये पाठ शुद्ध केला. ही पोथी त्याच्याही आधीची, अगदी ज्ञानदेवांच्या काळाला जाऊन भिडणारी, असे त्यांचे म्हणणे होते. १९०९ साली त्यांनी ती छापली आणि तिच्या भाषेचे व्याकरणही लिहिले. त्या व्याकरणाने जुन्या मराठीच्या अभ्यासाचा पाया घातला हे कोणी नाकारणार नाही. पण पोथी? अभ्यासकांनी शंका काढल्या, अक्षर पाहू द्या म्हणाले, कागद पाहू द्या म्हणाले. ती पोथी पुढे कोणाच्या दृष्टीस पडली नाही. तिचे काय झाले याविषयी सांगितल्या जाणाऱ्या कथांत राजवाड्यांच्या संतापाला मोठे स्थान आहे. त्या कथा मी येथे सांगत बसत नाही. १९६० साली सरकारने ज्ञानेश्वरीची आवृत्ती काढली तीही राजवाड्यांच्या संहितेवर उभी केली. एवढ्या मोलाचा पाठ, आणि त्याची मूळ प्रत तपासायची सोय नाही! भाऊच्या पत्रांच्या बाबतीत ज्यांनी आम्हांला अस्सल कागद मागायला शिकवले, त्यांनीच येथे आम्हांला त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवायला लावले.

संहिता बनावट आहे असे माझे म्हणणे नाही. जुन्या रूपांची जी संगती तिच्यात दिसते ती सहज रचता येण्याजोगी नाही. माझी तक्रार वेगळी आहे. पोथी दाखवणे न दाखवणे हा संशोधकाच्या मानापमानाचा प्रश्न नसतो. पोथी त्याची नसतेच. गोविंदपंताला आपण सोडवू शकलो, कारण कागद समोर होते. ज्ञानेश्वरीच्या बाबतीत राजवाडे बरोबर असतील तर त्यांना बरोबर ठरवायलाही आज आपल्याकडे साधन नाही. त्यांच्या चाहत्यांनी या प्रकाराला तेजस्वीपणा म्हटले आहे. मी याला प्राध्यापकाच्या धर्मातली चूक म्हणतो, आणि त्यांच्या हातून झालेली सर्वांत मोठी.

जातीच्या अभिमानाने त्यांचा तोल गेला ती स्थळे पुष्कळांनी दाखवली आहेत, म्हणून थोडक्यात सांगतो. चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंविषयी त्यांनी जे लिहिले त्याला उत्तर म्हणून प्रबोधनकार ठाकऱ्यांनी १९१८ साली 'कोदंडाचा टणत्कार' लिहिला. ते पुस्तक तिखट आहे. पण तिखटपणाला जागा कोणी करून दिली हेही पाहिले पाहिजे. कागद वाचताना डोळ्यांत तेल घालणारा हा मनुष्य, समाजातल्या उच्चनीचतेचा विषय निघाला की कागद खाली ठेवी आणि मनातले बोलू लागे. मौज अशी की हेच राजवाडे 'भारतीय विवाहसंस्थेचा इतिहास' लिहायला बसले तेव्हा त्यांनी यज्ञविधींतून आणि जुन्या ग्रंथांतून स्त्रीपुरुषसंबंधांचे असे काही अवशेष उकरून काढले की सनातन्यांनी कानांवर हात ठेवावेत. पूर्वजांची अब्रू राखण्यासाठी त्यांनी एक ओळही मऊ केली नाही. पुढे कॉम्रेड डांग्यांसारखा मार्क्सवादी त्या निबंधांकडे वळला यात नवल ते काय? सनातनी आणि साम्यवादी असे दोन्ही वारसदार ज्याच्या दाराशी यावेत असा दुसरा मराठी पंडित मला आठवत नाही.

संतांच्या प्रश्नावर मात्र थोडे थांबले पाहिजे, कारण तो प्रश्न आपल्या घराघरातला आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० साली मराठी सत्तेच्या उदयावर पुस्तक लिहिले आणि त्या उदयाचे बरेच श्रेय संतांना दिले. राजवाड्यांना हे मुळीच मान्य नव्हते. त्यांच्या मते वारकरी संतांचा धर्म सहिष्णू, सोसणारा. राज्य उभे राहिले ते समर्थांच्या जयिष्णू महाराष्ट्रधर्मावर. युरोपात बेकन आणि देकार्त निसर्गाला प्रश्न विचारीत होते तेव्हा आमचे साधू मोक्षाच्या मागे होते, हाही त्यांचा सल. प्रश्न मोलाचा आहे. विज्ञान येथे का रुजले नाही हे विचारणारी माणसे त्या काळी किती होती? पण उत्तर एकांगी. आणि ज्याने संतांवर एवढे कोरडे ओढले त्यानेच ज्ञानेश्वरीच्या एकेका क्रियापदापायी वर्षे घालवली, हे कोडे मला त्यांच्या कोणत्याही सिद्धांतापेक्षा जास्त बोलके वाटते.

या वादाला धुळे शहराने एक उत्तर दिले आहे. राजवाडे ते पाहायला उरले नव्हते. त्यांच्या मृत्यूनंतर सहा वर्षांच्या आत, १९३२ च्या फेब्रुवारीपासून जूनपर्यंत, धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी सत्याग्रही कैद्यांपुढे गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. त्या प्रवचनांत पानोपानी ज्ञानदेव आहेत, तुकाराम आहेत. ऐकणारे लोक एका बलाढ्य सरकारशी झुंजून तुरुंगात आलेले होते. संतांच्या वाणीने माणूस दुबळा होतो हे म्हणणे त्या बराकीत टिकले असते काय? विशेष म्हणजे त्याच साने गुरुजींनी, अमळनेरच्या शाळेतल्या त्या शिक्षकाने, 'इतिहासाचार्य राजवाडे' हे चरित्रही लिहिले. ज्याच्या मताच्या उलट आपले सारे आयुष्य आहे त्याच्या ज्ञानभक्तीपुढे नम्र होणे गुरुजींनाच साधावे. मला ते चरित्र भाबडे वाटते, पण खोटे वाटत नाही.

राजवाडे धुळ्याला आले कसे? १९१० च्या जुलैत त्यांनी सरदार मेहेंदळ्यांबरोबर पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापले. पुढे तेथे त्यांचे बिनसले. पुण्यावर रुसलेल्या माणसाला पांझरेकाठच्या या गावात जिव्हाळा मिळाला. धुळ्यात शंकर श्रीकृष्ण देव समर्थ संप्रदायाच्या पोथ्या गोळा करीत होते; भास्कर वामन भटांसारखे वकील होते. गाव तसे नवे. १८१८ नंतर ब्रिग्ज नावाच्या इंग्रज अंमलदाराने आखलेल्या सरळ पेठा आणि गल्ल्या. हा ब्रिग्ज म्हणजे १८२९ साली फेरिस्त्याच्या तवारिखेचे इंग्रजी भाषांतर छापणारा, ग्रँट डफाच्या पिढीतला इतिहासलेखक. त्याने आखलेल्या गावात ग्रँट डफाचा सर्वांत कडवा टीकाकार येऊन राहावा आणि तेथेच मरावा, हा योगायोग खुद्द राजवाड्यांनाही आवडला असता.

शेवटच्या वर्षांतले त्यांचे काम पाहिले म्हणजे बुद्धी थकली नव्हती हे दिसते. १९२२ साली जयराम पिंड्ये याच्या 'राधामाधवविलासचंपू'ची आवृत्ती. तिच्या प्रस्तावनेतून शहाजी राजे प्रथमच नुसते शिवाजी महाराजांचे वडील न राहता, नाना भाषांच्या कवींनी गजबजलेल्या दरबाराचे धनी म्हणून उभे राहिले. १९२४ साली 'महिकावतीची बखर'. तिच्या प्रस्तावनेत तर त्यांनी इतिहासाचा पाटच बदलला. राजे येतात, राजे जातात, गावकऱ्याला त्याचे सोयरसुतक का नसते, हा प्रश्न त्यांनी विचारला. लढाया आणि तह यांत रमलेल्या त्या काळी हा प्रश्न फार पुढचा होता. आणि जोडीला भाषा: धातू, नामे, आडनावे, गावांची नावे. गावाच्या नावातून वस्तीचा इतिहास निघतो हे त्यांचे म्हणणे. त्यांचा धातुकोश त्यांच्या पश्चात निघाला. तो चाळताना मी थक्कही होतो आणि वैतागतोही. कारण प्रत्येक मराठी क्रियापदाला संस्कृत धातूच्या दावणीला बांधल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. कानडीचा, देशीचा, शेजारच्या बोलींचा हक्क त्यांच्या हिशेबात फार थोडा. धुळ्याच्या बाजारात रोज अहिराणी कानावर पडत असेल त्या माणसाने असे करावे याचे मला आश्चर्य वाटते. फारसीच्या बाबतीतही तेच. जदुनाथ सरकार फारसी साधनांच्या बळावर ज्या गोष्टी पाहू शकत होते त्या केवळ मराठी कागदांतून दिसणे शक्य नव्हते.

चाळीसगावाजवळच्या पाटणच्या शिलालेखाची आठवण येथे होते. शके ११२८ चा हा लेख. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, आणि त्या मठाला दिलेल्या उत्पन्नाची नोंद लेखात आहे. लेख संस्कृतात, पण उत्पन्नाच्या बाबी सांगायच्या आल्या तेथे भाषा मराठी होते. विद्या संस्कृतात, हिशेब मराठीत! खानदेशातल्या या दगडावर एका विद्यापीठाचा संसारच कोरलेला आहे. त्यानंतर आमच्या भागात विद्यापीठ यायला १९९० साल उजाडावे लागले. तोपर्यंत जळगाव-धुळ्याची कॉलेजे पुणे विद्यापीठाच्या पंखाखाली होती. जळगावच्या या विद्यापीठाला २०१८ पासून बहिणाबाई चौधरींचे नाव आहे, जिने कधी शाळा पाहिली नाही. वर्ग न घेणारा आचार्य आणि शाळा न पाहिलेली कवयित्री. विद्येचा आमचा हिशेब असा उलटा आहे. असो.

राजवाडे गेल्यावर काही दिवसांतच, १९२७ च्या जानेवारीत, धुळेकरांनी राजवाडे संशोधन मंडळ उभे केले. व्यापाऱ्यांच्या, वकिलांच्या गावाने एका भांडखोर ब्रह्मचाऱ्याची दप्तरे सांभाळायला घर बांधावे, 'संशोधक' नावाचे त्रैमासिक चालवावे, आणि गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात त्यांचे समग्र साहित्य १३ खंडांत काढावे, ही गोष्ट पुण्यामुंबईच्या लेखांतून जेवढ्यास तेवढी येते. मला ती राजवाड्यांच्या चरित्राइतकीच मोठी वाटते. त्यांच्या विक्षिप्तपणाच्या कथा सांगणाऱ्यांनी त्यांना दंतकथा केले. धुळ्याच्या मंडळाने त्यांना वाचता येण्याजोगे ठेवले. टीका करायची तर मूळ मजकूर हवा, आणि तो येथे आहे. या लेखात मी त्यांच्यावर जे आक्षेप घेतले ते घेता आले तेही त्यामुळेच.

अडचण आता निराळीच आली आहे. दप्तरे आहेत, मोडी वाचणारे नाहीत. मोडी शाळेतून गेली त्याला दोन पिढ्या उलटून गेल्या. ज्या घरांत आजोबा जमाखर्च मोडीत लिहीत त्या घरांत नातवाला ते लिखाण मुंग्यांच्या रांगेसारखे दिसते. वर्ग अधूनमधून निघतात, हौशी मंडळी शिकतात, त्यांतले दोन-चार टिकतात. राजवाड्यांनी ज्या वेगाने घरे पालथी घातली त्या वेगाने आता कोणी घातली तरी वाचणार कोण? तरीपण आमच्या बाजूची जुनी घरे अजून संपलेली नाहीत. पारोळा, एरंडोल, अमळनेर, शिरपूर, नंदुरबार या गावांत दुमजली धाब्याची घरे आहेत, त्यांना माळे आहेत, आणि यंदाही दिवाळीच्या आधी ते माळे झाडले गेले असतील. लाल रुमालात बांधलेले, कडेने कुरतडलेले गाठोडे निघाले असेल तर ते रद्दीच्या तागडीत घालण्यापूर्वी वरचा एक कागद उजेडात धरून पाहावा. खालच्या बाजूला 'छ' दिसतो का?